रगवणं

गुणवंती माझगावच्या कोळीवाड्यातली. नवरा विठोबा डोलीवर जाई. भर समुद्रात खांब रोवून त्यांना पिशवीसारखं मोठं जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीनं मासळी आत शिरली की ते उपसायचं, हे त्याचं काम. मासळी किनाऱ्याला लागली की विठोबा आडवा होई आणि गुणवंती उभी राही. लिलावात दोन शब्द जास्त बोलून चांगला माल पदरात पाडायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि ऊन चढायच्या आत गिरगावच्या वाड्यांतून विकून मोकळं व्हायचं. दोन शब्द जास्त बोलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोळीवाड्यात म्हणायचे, वारा पडला तर विठोबानं बायकोला होडीत घ्यावं, शीड आपोआप फुगेल.

गिरगावात तिचं सगळ्यांत भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे रघुवीरराव धैर्यवान. जातीनं पाठारे प्रभू, त्यामुळे मासळीवाचून घास उतरत नसे. एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं होतं. पेन्शन सुरू झाल्यावर वर्गातली पोरं सुटली, पण मास्तर सुटले नाहीत. समुद्रकाठच्या लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे आणि कोणता शब्द कुठल्या मुलखातून, कुणाच्या गलबतातून इथं आला ते शोधायचं, असा त्यांनी ध्यास घेतला. ही अठराशे चौऱ्याण्णवची गोष्ट. त्या वर्षी पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा समुद्रावर गेल्या आणि गुणवंती पाटी घेऊन त्यांच्या ओटीवर टेकली, ती पुढे रोजच तिथं अडकायला लागली.

सुरुवातीला तिला मजा वाटली. तिनं सहज म्हटलं, "लिलावात आज लय गर्दी होती," तर मास्तर ताठ बसले.

"लिलाव. हा शब्द कुणाचा, ठाऊक आहे? फिरंग्यांचा. वसईला त्यांचं राज्य होतं तेव्हा ते आपल्याकडे ठेवून गेले."

"न्यायला इसरले आसतील," गुणवंती म्हणाली.

"घमेलं त्यांचंच. चावी त्यांचीच. तुरुंगसुद्धा."

"त्यो तरी न्यायचा व्हता."

मास्तर हसले नाहीत, कारण ते लिहून घेत होते. मग खलाशी निघाला, तो अरबांचा. सुकाणू अरबांचं. मोसम, ज्याच्यावर विठोबाचं सगळं पोट, तोही अरबांनीच आणलेला. मास्तरांचे डोळे चमकायला लागले. "गुणवंती, अगं तुझ्या या पाटीत दोन बादशाह्या आहेत."

"मास्तर, पाटीत मांदेली हायत. आन ऊन वर आयलं तर तीबी ऱ्हानार नायत."

आतून मीराबाई, म्हणजे मास्तरांच्या बायको, ताट घेऊन येत, मासळी निवडत आणि तिची सुटका करत. पण मीराबाईंनाही रोज वेळेवर बाहेर येणं जमायचं नाही.

जे शब्द होते ते सांगून झाले. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, सांगून झालं, वाऱ्यांची नावं झाली, जाळ्याच्या तोंडापासून शेपटापर्यंत सगळं झालं. मग मास्तर नसलेले शब्द मागायला लागले. हातातून निसटून परत पाण्यात गेलेल्या माशाला काय म्हणतात? पहाट व्हायच्या आधी पाण्यावर जो उजेड दिसतो, त्याला? रिकाम्या होडीनं परत आलेल्या माणसाच्या तोंडावर जे असतं, त्याला?

"त्याला काय म्हननार? त्याच्याशी कुनी बोलतच नाय."

मास्तरांचा चेहरा असा पडायचा की गुणवंतीला वाटावं, आपण त्यांना शिळी मासळी घातली. "हजार वर्षं समुद्राशी नांदलेले लोक तुम्ही," ते म्हणत, "शब्द असणारच. तुला आठवत नाही इतकंच." आणि तिला आठवेपर्यंत ते थांबत. बोंबील मात्र थांबायचे नाहीत. बोंबील हा मुळातच लेचापेचा जीव. मास्तरांच्या ओटीवर तो ताटकळला की पुढच्या वाडीतल्या बायका त्याला बोटानं दाबून नाक मुरडायच्या.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तिला आधीच उशीर झाला होता. मास्तर ओटीवर वाटच बघत होते.

"काल रात्रभर मी एका गोष्टीचा विचार करत होतो. समज, होडी किनाऱ्याला लावायची आहे. काठावरचा कुणी रिकामटेकडा हाका मारून होडी हाकणाऱ्या तांडेलाला बोलण्यात गुंतवतो. तेवढ्यात पाणी उतरतं आणि होडी गाळात बसते. तर कामाच्या माणसाला असं बोलत ठेवून अडकवणं, याला तुमच्यात शब्द असलाच पाहिजे."

गुणवंतीनं वर उन्हाकडे पाहिलं. खाली पाटीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं.

"हाय की," ती म्हणाली. "रगवनं."

"काय?"

"रगवनं. त्यानं मना रगवलं. मी रगवले. होरी रगवली, मासली रगवली."

मास्तर इतके हरखले की त्यांना लिहायचंही सुचेना. "जुना आहे का शब्द?"

"लय जुना. माज्या आजीची आजी बोलायची."

आत स्वयंपाकघरात पितळेचं भांडं पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मीराबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पाटीकडे. त्यांच्या सासूबाई हयात होत्या तोवर मास्तरांना "रघू" अशीच हाक मारायच्या. गुणवंतीनं ती हाक वर्षानुवर्षं ऐकलेली होती. आता मास्तरांना रघू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नाही. मीराबाईंच्या लगेच आलं. पापलेट उचलता उचलता त्या एवढंच म्हणाल्या, "गुणवंती, तुझी आजी फार शहाणी हो."

मीराबाईंच्या पोटात शब्द राहिला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण दुपारी वाती वळायला वाडीतल्या बायका जमल्या तेव्हा त्यांनी तो हळूच सोडला. अशा शब्दाची सगळ्यांनाच गरज होती, हे तेव्हा कळलं. भटजी रगवतात, विहीणबाई रगवतात, विम्याचा एजंट तर दारात पाय अडकवूनच रगवतो. इकडे कोळीवाड्यात गुणवंतीनं विठोबाला गंमत सांगितली, ती तिच्या बहिणीनं, सखुबाईनं, ऐकली. सखुबाई संध्याकाळी लालबागला गिरणीच्या फाटकाशी सुकट आणि सुके बोंबील विकायची. एका गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "घ्यायचं तर घे, रगवू नको." त्यानं अर्थ विचारला नाही. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला तो कळला.

गुणवंतीला सगळ्याची गंमत वाटत होती. मग एक दिवस मास्तरांनी तिला सांगितलं की वाचनालयाच्या दिवाणखान्यात त्यांचं व्याख्यान ठरलंय, विषय 'समुद्रकाठची बोली आणि परदेशस्थांचे संबंध', आणि त्यातला मुकुटमणी म्हणजे रगवणं.

"त्याचं मूळ सापडलं मला," मास्तर म्हणाले. "खोताच्या वाडीतल्या एका गोवेकर बँडमास्तराला विचारलं. पोर्तुगीज भाषेत रोगार म्हणून शब्द आहे. विनवणं, गळ घालणं. म्हणजे फिरंगी शिपाई काठावर उभा राहून कोळ्याला थांब थांब म्हणून गळ घालत असणार, आणि तुझ्या आजीच्या आजीनं तो शब्द उचलला. तीनशे वर्षांचा इतिहास आहे, गुणवंती, एका शब्दात."

रोजची थट्टा वेगळी आणि चार मोठ्या माणसांत त्यांचं हसं होणं वेगळं. तिच्या धाकट्या लेकीला गेल्या साली ताप आला होता तेव्हा याच माणसानं ओळखीचा डॉक्टर कोळीवाड्यात पाठवला होता. घरी गेल्यावर तिनं विठोबाला विचारलं, काय करू? विठोबा जाळं विणत होता. तो म्हणाला, "जीभ तुजी, सुकानू पन तुजंच."

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी ती जरा लवकरच गेली. पाटी उतरवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मास्तर, त्या शब्दाचं मना बोलायचं हाय."

"तेच, तेच," मास्तर म्हणाले. "मलाही विचारायचंच होतं. भूतकाळात तुमच्यात रगवलं म्हणतात की रगवलान? आणि बायकांच्या तोंडी वेगळं रूप आहे का?"

"मास्तर, ऐका तरी."

"ऐकतोय ना. आज्ञार्थ काय होईल? रगव?"

तिनं तोंड उघडलं की त्यांचा प्रश्न पुढे तयार. असं चार-पाचदा झालं. शेवटी आतून मीराबाईंचा आवाज आला. त्या सवयीनंच बोलून गेल्या. वाडीत आता सगळ्याच तसं बोलत होत्या.

"अहो, तिला रगवू नका हो. बोलू द्या की."

मास्तर पुढचं विचारणार होते, ते थांबले. रगवू. त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. मग त्यातला ग जरा जोरानं म्हणून पाहिला. गुणवंती जमिनीकडे बघायला लागली. आत भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

"आजीची आजी," मास्तर म्हणाले.

"ती बोलायची लय," गुणवंती पुटपुटली. "पन ह्यो शब्द नाय बोलायची."

मास्तर ओटीच्या खांबाला टेकून बसले. त्यांना राग आला आहे की वाईट वाटलं आहे, तिला काही समजेना. तिनं पाटीतलं सगळ्यांत मोठं पापलेट काढून ताटात ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वाडीत कोण कोण बोलतं हा शब्द?" त्यांनी विचारलं.

"समदी," गुणवंती म्हणाली. खोटं बोलायची आता सोय नव्हती. "आन कोलीवाड्यात. आन लालबागेत."

"लालबागेत?" मास्तर सरळ बसले. त्यांच्या आवाजात जे होतं तो खचित राग नव्हता. "लालबागेत कुणी नेला?"

संध्याकाळी मीराबाईंनी गुणवंतीला बरोबर घेतलं. दोघी वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात खिडकीशी उभ्या राहिल्या. आत पगड्यांची गर्दी होती. मास्तरांनी खलाशी, लिलाव, घमेलं सगळं रंगवून सांगितलं. हापूस आंब्याला एका फिरंगी सरदाराचं नाव आहे हे ऐकून माना डोलल्या. मग ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गृहस्थहो, आतापर्यंत सांगितलेल्या प्रत्येक शब्दाच्या जन्माबद्दल विद्वानांत मतभेद होऊ शकतात. आता ज्याच्याबद्दल सांगतो, त्याच्या जन्मवेळी मी स्वतः हजर होतो. इतकंच नव्हे, त्याला माझंच नाव ठेवलेलं आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, ऊन, बोंबील आणि रोगारसुद्धा. दिवाणखाना हसला, पण मास्तर सगळ्यांच्या आधी हसले होते, त्यामुळे ते हसणं त्यांच्यावर न पडता त्यांच्याबरोबर राहिलं. "राजे लोकांनी शहरांना नावं दिली," ते म्हणाले, "सरदारांनी आंब्याला दिलं. मास्तराच्या नावाचं एक क्रियापद झालं, ही काही लहान गोष्ट नाही."

व्हरांड्यात गुणवंतीनं श्वास सोडला. मग आभार मानायला अध्यक्ष उठले. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि त्यांना बोलायला फार दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी भाषेच्या उगमापासून सुरुवात केली. दिवे लागले, मागच्या रांगेतले लोक चुळबुळायला लागले, आणि दारापाशी कुणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणालं, "आता हे रगवणार." तो शब्द रांगारांगांतून पुढे सरकत मास्तरांपर्यंत गेला. मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. मीराबाई म्हणाल्या, "बघ, कसे फुगलेत ते. आता महिनाभर घरात निभाव नाही."

खरोखरच निभाव लागेना. मास्तरांना आता एकच ध्यास, शब्द कुठपर्यंत पोचला ते बघायचं. चैत्रात एका सकाळी ते गुणवंतीला म्हणाले, मला लालबागला घेऊन चल. संध्याकाळी ते घोड्यांच्या ट्रामनं भायखळ्यापर्यंत आले. तिथं गुणवंती उभीच होती. मग दोघं चिंचपोकळीवरून चालत निघाली, पुढे ती आणि दोन पावलं मागे छत्री टेकत मास्तर. गिरणी सुटली होती. फाटकाशी सखुबाई सुकटीची टोपली मांडून बसली होती आणि तिच्यासमोर कोकणातले दोघं-तिघं साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, माल चाळत होते. सखुबाईनं त्यांच्यातल्या एकाला हाक मारली. दगडू त्याचं नाव. मालवणकडचा, उंच, कानात भिकबाळी.

मास्तरांनी विचारलं, रगवणं हा शब्द तुम्ही वापरता का?

"वापरतंव म्हंजे?" दगडू म्हणाला. "त्येच्याशिवाय गिरणी चालता काय? सूत येऊक नाय की माग रगवता."

"माग? म्हणजे, माणूस माणसाला बोलत ठेवतो, ते रगवणं. नाही का?"

दगडूनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "माणसाक कोण कित्याक रगवतलो? माग रगवता. गाडी रगवता. तुमका कोणी चुकीचा सांगलेला आसा."

गुणवंती पुढे झाली. "चुकीचा कसा? मी केलाय त्यो शब्द."

"तू?" दगडू हसला. बाकीचेही हसले. "गो बाय, ह्यो शब्द आमच्या गावचो. माजो आजो बोलतालो. आमच्या गावात रगवाचो व्हाळ आसा. थय पाणी येता आणि उभ्या ऱ्हवता, फुडे जाणाच नाय. म्हणान रगवणा."

"मी केला म्हनते ना," गुणवंतीचा आवाज चढला. "ह्ये मास्तर साक्षी हायत. यांच्याच नावाचा हाय त्यो."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. पण मास्तर तिथं नव्हतेच म्हणायला हरकत नाही. त्यांनी छत्री काखेत मारली होती आणि ते दगडूच्या अगदी जवळ सरकले होते.

"त्या ओढ्याचं, व्हाळाचं नाव जुनं आहे?"

"माज्या आज्याच्या आज्यापास्ना."

"आणि त्या गावातून माझगावला कधी कुणी सून वगैरे आली होती का?"

"मास्तर," गुणवंती म्हणाली.

"थांब गं जरा. शक्यता आहे. तुझ्या माहेरच्या कुणाच्या तोंडून लहानपणी तुझ्या कानावर पडला असेल. माणसाला वाटतं आपण केला. असं फार वेळा होतं."

दगडूला घरी जायचं होतं, पण आता तेही जमेना. तो एकेक उत्तर देत राहिला. सखुबाईनं सुकट झाकली. गुणवंती कंबरेवर हात ठेवून उभी होती. आयुष्यात तिनं पुष्कळ थापा मारल्या होत्या आणि लोकांनी त्यातल्या बहुतेक खऱ्या मानल्या होत्या. आज खरं सांगत होती तर कुणी ऐकायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक मीराबाईंकडे गेली. पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "बाय, तुमीच सांगा यास्नी. त्या दिसाला तुमी आत व्हता. तुमी ऐकलंत. शब्द कुनी केला?"

ओटीवर मास्तर कोकणचा नकाशा पसरून व्हाळ शोधत होते. मीराबाईंनी ताट खाली ठेवलं, मांदेली एकेक करून उलटीपालटी केली आणि फार विचार केल्यासारखं करून म्हणाल्या, "मी मसाला वाटत होते गं त्या वेळी. पाट्याच्या आवाजात मला नीटसं काही ऐकू आलं नाही."